बबन मिस्त्रीच्या हातचा पेन

फोन आला तेव्हा सुमन, म्हणजे माझी बायको, जपाची वही पुढ्यात घेऊन बसली होती. सकाळचा चहा झाला की ती रोज एक पानभर रामाचं नाव लिहिते, आणि लिहिते ती बबनने करून दिलेल्या पेनाने. आमच्या घरात गेली पन्नासेक वर्षं रामसुद्धा बबनच्या पेनातूनच उतरतोय. फोन बबनच्या थोरल्या मुलाचा होता. "काका, दादा गेले," एवढंच सांगून त्याने फोन ठेवला. मी सुमनला सांगितलं. तिने पेनाला टोपण लावलं, तो वहीवर आडवा ठेवला आणि पदर डोळ्यांना लावून अशी रडली, अशी रडली, की मी बघतच राहिलो. आता पुढचं वाक्य लिहू नये असं घरात सगळ्यांचं मत पडेल, पण मी लिहिणार. माझा जिवाभावाचा मित्र गेला होता आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की मी गेल्यावर ही एवढी रडेल का?

दहाव्याला पुणतांब्याला गोदाकाठी गेलो. बबनचं गाव तिथून हाकेच्या अंतरावर. पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. बबनचं सगळंच असं, कुणाला ताटकळत ठेवायचा नाही. माझ्या वेळी लोकांना उन्हात किती उभं राहावं लागेल, देव जाणे! आमच्याकडे दहाव्याला प्रवचन झालं की माईक हातोहात फिरतो आणि ज्याला त्याला गेलेल्या माणसाबद्दल दोन शब्द बोलायचे असतात. सरपंच बोलले, एक रिटायर्ड हेडमास्तर बोलले, राहुरीच्या कृषी विद्यापीठात नोकरी केलेले एक प्राध्यापक बोलले, शिर्डीहून आलेला एक हॉटेलवाला बोलला. आणि बोलता बोलता जो तो खिशातून काळाभोर पेन काढून वर धरत होता. "हा बबन मिस्त्रीच्या हातचा." "माझ्या पोराने दहावीचे पेपर याच पेनाने लिहिले." मी खाली मान घालून बसलो होतो. माझ्या खिशात दुकानातला बॉलपेन. बबनने जगाला पेन करून दिले, मला कधी दिला नाही. मी मागितला नाही आणि त्याने दिला नाही... मग कुणीतरी माईक माझ्यापुढे धरला. "तुम्ही त्यांचे सगळ्यात जुने जोडीदार, तुम्ही बोला." मी म्हणालो, बबन चांगला माणूस होता, आणि माईक परत दिला. जे म्हणायचं होतं ते चारचौघांत म्हणता येण्यासारखं नव्हतं. मला म्हणायचं होतं, की अहो, ह्या पेनांची सुरुवात मी केली होती, मी!

तर ती सुरुवात सांगतो. मी आणि बबन नगरच्या आयटीआयला टर्नरच्या ट्रेडला एका बाकावर होतो. टर्नर म्हणजे लेथच्या मशीनवर लोखंड फिरतं ठेवून, हत्यार लावून त्याला गोल घडवणारा. तो शेतकऱ्याघरचा, मी नगरातल्या कारकुनाचा मुलगा. आमच्या सात पिढ्यांत हातात हत्यार धरलेला मी पहिला. परीक्षेत पहिला नंबर माझा आला आणि दुसरा बबनचा, हेही कुठेतरी छापून यावं म्हणून लिहितो, कारण ही गोष्ट आता मला आणि मलाच ठाऊक आहे. पुढे दोघंही एका साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये लागलो. माझं मशीन आणि त्याचं मशीन शेजारी शेजारी. त्याने मान वळवली की माझं काम दिसायचं, मी मान वळवली की त्याचं.

बहात्तरचा दुष्काळ पडला आणि ऊस उभ्याचा उभा वाळून गेला. त्या वर्षी कारखान्याचं धुराडं पेटलं ते उशिरा आणि थंड झालं ते लवकर. वर्कशॉपला कामच उरलं नाही. बाहेर लोक दुष्काळी कामावर खडी फोडत होते, रेशनवरच्या परदेशी मिलो ज्वारीच्या तांबड्या भाकरी खात होते, आणि आम्ही पगारी नोकर पत्र्याच्या सावलीत माश्या मारत बसलेलो. लाज वाटायची. आमचे फोरमनसाहेब म्हणाले, "काहीही करा, पण मशीन फिरतं ठेवा. गंज चढला तर तुमच्या तंगड्या तोडीन." त्याच सुमारास माझं लग्न झालेलं. सुमन कारखान्याच्या कॉलनीतल्या शाळेत मास्तरीण. एक दिवस तिच्या पेनाचा दांडा फुटला, आणि ताट वाढता वाढता ती म्हणाली, "अहो, तुम्ही एवढे टर्नर, एवढंसं पेन होत नाही का तुमच्याच्याने?" नव्या नवरीने असं विचारल्यावर कुठला टर्नर गप्प बसेल? मी म्हटलं, असा पेन करून देतो की जन्मभर दुसऱ्या पेनाला हात लावणार नाहीस. तोंडातून गेलं ते गेलं.

विजेच्या खात्याच्या भंगारात एबोनाइटच्या कांड्या पडलेल्या असत. एबोनाइट म्हणजे कडक केलेलं काळं रबर, त्या काळातले चांगले पेन त्याचेच असायचे. निब आणि निबेखालची जीभ नगरच्या कापडबाजारातल्या एका दुकानातून आणली. माझी रीत अशी होती : कांडीला आरपार भोक पाडायचं, त्यातून लोखंडी सळई घालायची, सळईचं एक टोक मशीनच्या जबड्यात धरायचं, दुसऱ्या टोकाला टेकू द्यायचा आणि वरून हत्यार चालवून दांडा उतरवायचा, मग मागचं तोंड बुजवायचं. पेन झाला. दिसायला तर असा झकास, की मी तो शर्टाला लावून अख्ख्या कॉलनीतून विनाकारण एक फेरी मारून आलो. सुमनने शाई भरली, दोन ओळी लिहिल्या, हसली. ते हसणं मला अजून दिसतं. त्याच आठवड्यात शाळेत दिपोटी आले तपासणीला. त्यांच्यासमोर हजेरी घेताना पेनाच्या मानेतून शाई गळायला लागली, बोटांवर, हजेरीपटावर आणि शेवटी साडीवर. घरी आली ती थेट मोरीत गेली. साडी बादलीत बुडवली. पाणी निळं झालं, ते ओतलं, दुसरं घेतलं, तेही निळं झालं. मग म्हणाली, "राहू द्या. मी आपली टाक आणि दौत नेत जाईन." शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी तो पेन आपटतच मशीनवर ठेवला. बबनने उचलला, मशीनच्या सपाट पाटावर घरंगळवला. पेन घरंगळताना लंगडत होता. त्याने दांडा उजेडापुढे धरून आत बघितलं. एका अंगाला भिंत जाड, दुसऱ्या अंगाला पापडाइतकी पातळ. साहजिकच मानेच्या फिरकीचे आटे नीट बसत नव्हते आणि फटीतून शाई येत होती. "इष्णू," तो म्हणाला, "तुझा हात वाकडा न्हाई. सळई वाकती. घट्ट धरली की कमरंत वाकती, सैल सोडली की नाचती."

"मग सळईशिवाय धरू कशात? हवेत?"

"सळईच नगं," तो म्हणाला आणि गप्प बसला. बबन असा गप्प बसला की समजावं, आता हा काहीतरी करणार आणि आपल्या पोटात दुखणार.

लेथला समोरासमोर दोन टोकदार सुळे असतात, त्यांना सेंटर म्हणतात. एक फिरतं, एक जागचं हलत नाही. मोठमोठे दांडे आम्ही रोज त्या दोन सेंटरांत धरून उतरवत असू. पण पोकळ कांडी तिथे धरायची कशी? बबनने पोलादाची दोन छोटी बुचं केली, प्रत्येकाच्या बरोब्बर मध्ये एक बारीक खळगी, आणि ती कांडीच्या दोन्ही तोंडांत ठोकून बसवली. आता कांडीच्या पोटात काही नाही, नुसती दोन टोकांवर उभी. पहिल्या दिवशी पठ्ठ्या न फिरणाऱ्या टोकाला ग्रीस लावायला विसरला. असा किंचाळला तो सुळा, की कॅन्टीनमधली माणसं धावत आली. जळक्या रबराचा आणि गंधकाचा वास सगळ्या शेडमध्ये भरला, बूच सुटलं आणि कांडी उडून फोरमनसाहेबांच्या टेबलाखाली गेली. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? घरी जाताना मी शीळ घालत गेलो.

पण तो काही हटला नाही. आवळलं की बूच कांडीला आतून फोडायचं. सैल ठेवलं की कांडी थरथरायची आणि अंगावर लाटा उठायच्या. बरं, सुरुवातीला बेताचं आवळलं तरी चालताना कांडी तापते, फुगते आणि दोन टोकांत आपोआप आवळली जाते. हे त्याच्या लक्षात आलं, माझ्या नाही. मग तो एका हाताने हत्यार चालवायचा आणि दुसरा हात टेकूच्या हँडलवर ठेवून कान देऊन उभा राहायचा. आवाज जरा बदलला की हँडल केसभर सैल. मी न राहवून विचारलं, अरे, पण किती आवळायचं? त्याला मोजमापात सांगता येईना. म्हणाला, "लेकराचं बोट धरतो तसं. आवळलं तर रडतंय, सोडलं तर पळतंय." त्याला तेव्हा मूल नव्हतं, मलाही नव्हतं. तरी मी मान हलवली.

पेन झाला. आता मला सांगा, माणसाने काय करावं? माझ्या हातात द्यावा, म्हणावं, इष्णू, घे, तुझ्या बायकोला तू दे. मीही काही फार आढेवेढे घेतले नसते. पण नाही! संध्याकाळी हा थेट घरी आला, चपला काढल्या, आणि माझ्यादेखत म्हणाला, "वैनी, ह्यो धरा. शाई भरा, उलटा करा, झटका. गळायचा न्हाई." सुमनने खरंच झटकला. एक थेंब पडला नाही. टोपण फिरवलं तर लोण्यातून सुरी जावी तसं फिरलं. "बबनभावजी, जादू आहे हो तुमच्या हातात!" ती म्हणाली आणि आत जाऊन त्याच्यासाठी शिरा टाकला. रेशनच्या साखरेचा, दुष्काळात! मला वाटीत निम्मा आला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड. रात्री तिला म्हटलं, "सुरुवात माझी आहे, त्याने फक्त पुढे नेलं." तर म्हणते कशी, "पुढे नेलं म्हणूनच तर गळत नाही ना?"

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच भुंगा. सुमनने माझ्या पेनाने लिहिलं पाहिजे. बाकी जग गेलं खड्ड्यात. मी दोन सेंटरांची रीत उचलली. विचारायला लाज वाटे म्हणून शेजारून चोरून बघत होतो, आणि गंमत म्हणजे मी बघतोय हे कळलं की बबन मशीन जरा माझ्या बाजूने उघडं ठेवून उभा राहायचा. त्याचाही राग यायचा. माझी चूक एकच होती आणि ती काही केल्या सुटेना. मी आवळायचो. मनात राग असला की हात आपोआप हँडलला पीळ देतो. कांडी फिरता फिरता 'टक्' असा आवाज यायचा आणि बारीक चीर जायची. बबन मान न वळवता शेजारून म्हणायचा, "आवळलंस." बस, एवढंच. कधी 'कसं काय रे' नाही, कधी हसणं नाही. हसला असता तर भांडता तरी आलं असतं. बढाईखोर माणसावर जळणं सोपं असतं हो, चार लोक आपल्या बाजूने येतात. बबनवर जळणारा मी एकटाच होतो.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, वर्कशॉप धुऊन काढलं, मशीनांना हळदकुंकू वाहिलं, झेंडूच्या माळा घातल्या. दुष्काळानंतरचा पहिला झेंडू, लोकांनी हात राखलाच नाही. खंडेनवमीला पूजा झाली की हत्याराला विश्रांती. मशीन चालवायचं नाही म्हणजे नाही, मग मालक येऊन उभा राहिला तरी नाही. पण माझी एक कांडी त्या दिवशी न फुटता शेवटच्या कटापर्यंत आली होती. एकच हलका कट राहिला होता. मनात आलं, तो झाला की दसऱ्याच्या सोन्याबरोबर पेन सुमनच्या हातात. नारळ फुटला, सगळे प्रसादाला गेले, आणि मी बटण दाबलं... माळ मशीनच्या फिरत्या तोंडावरच होती. ती गरकन गुंडाळली गेली, झेंडूच्या पाकळ्या पिवळ्या पावसासारख्या शेडभर उडाल्या, हळदकुंकवाचा चिखल माझ्या तोंडावर, दोरा कांडीभोवती आवळला आणि कांडीचे दोन तुकडे. बबन धावत आला, त्याने आधी बटण बंद केलं. मागोमाग फोरमनसाहेब, लालबुंद. "कोण रे तो नतद्रष्ट? पूजा मोडली कुणी?" आणि बबन म्हणाला, "साहेब, माझाच हात लागला चुकून." साहेबांनी त्याच्याकडे बघितलं, राग उतरला, म्हणाले, "तू होय? बरं बरं. दिवा परत लाव, नमस्कार कर." बस! माझं नाव निघालं असतं तर मला दारातून बाहेर काढलं असतं. त्याला मिळालं 'बरं बरं'. मी तोंडावरचं कुंकू पुसत उभा होतो आणि वाचल्याचा आनंद होण्याऐवजी माझ्या मनात येत होतं, की चूक माझी, तरी कौतुक याचं!

नंतर मी पेनाचा नाद सोडला. सुमनला म्हटलं, वेळ मिळत नाही. ती म्हणाली, "असू दे हो, आहे ना हा." बबनचं नाव हळूहळू होत गेलं. सुट्टीच्या दिवशी लोक क्वार्टरवर यायचे, कुणी नेवाशाहून, कुणी नगरहून. त्याला फोरमनची बढती देऊ केली तर म्हणाला, मशीन सुटतं, नगं. मग ती मला मिळाली. म्हणजे ज्या खुर्चीवर मी पुढे एवढी वर्षं बसलो, ती त्याने नको म्हटलेली होती. एक मात्र होतं. नवा पेन झाला की जगाला दाखवण्याआधी तो माझ्याकडे आणायचा. टेबलावर ठेवायचा आणि उभा राहायचा. मी मुद्दाम खोड काढायचो. टोपण कडक बसतंय, मान जाड झाली, खांद्याला उतार कमी आहे. कधी खरी असे, कधी ओढूनताणून. तो मान हलवून परत जायचा आणि ती खोड काढून आणायचा. एकदा मी वैतागून म्हटलं, "माझ्याकडेच कशाला आणतोस रे? सगळे तर वाहवा करतात." तर म्हणाला, "म्हनून तर आनतो. चूक तुलाच दिसती. बाकीच्यांचं काय, त्यांना समदंच ग्वाड." मला वाटतं, माझ्याबद्दल त्याच्या तोंडून निघालेलं एवढं एकच कौतुक. मी मात्र त्याच्या तोंडावर एकदाही 'चांगला झालाय' म्हटलं नाही. त्यानेही कधी वाट बघितली नाही.

दहाव्यानंतर थोड्या दिवसांनी हिरावहिनींचा, बबनच्या बायकोचा, फोन आला. "भावजी, येकडाव येऊन जावा. त्यांचं येक काम मशीनवर तसंच हाय." रिटायर झाल्यावर बबनने घरामागच्या पत्र्याच्या खोलीत एक जुनं लेथ बसवलं होतं. गेलो. दोन सेंटरांच्या मध्ये एक काळा दांडा अडकवलेला. बाजूला टोपण तयार, मान तयार. वहिनी म्हणाल्या, "सुमनवैनीच्या पेनाचे आटे झिजल्यात म्हनून नवा लावला हुता. निस्ती पालीश ऱ्हायलीया. तेवढी करून वैनीला द्या. शेवटपातुर हात शाबूत हुता बघा त्यांचा." मी खोलीची खिडकी उघडली, उजेड आत घेतला आणि दांडा हाताने एक फेर फिरवला.

सगळ्या अंगावर लाटा होत्या. मध्यावर हत्यार घुसून एक खाच पडलेली, ती लपवायला पुन्हा कट घेतलेला, तोही वाकडा. गेली दोन वर्षं त्याचे हात थरथरत होते, चहाची बशी तो दोन हातांनी धरायचा, हे मला ठाऊक होतं. पण पेन माझ्याकडे आणणं त्याने कधी बंद केलं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. पन्नास वर्षं मी या क्षणाची वाट बघितली होती. बबन मिस्त्रीच्या कामात धडधडीत चूक, आणि ती मला, मला एकट्याला दिसत होती! मला पेढे वाटावेसे वाटायला हवे होते. मी त्याच्या स्टुलावर बसलो आणि दहाव्याला आलं नव्हतं ते सगळं रडू तिथे आलं. वहिनी दारात होत्या. मी डोळे पुसले आणि म्हटलं, "वहिनी, पॉलिशला दोन-तीन दिवस लागतील."

त्याच्या डब्यात नव्या कांड्या होत्या. रोज दुपारी जात होतो. पहिली कांडी फुटली. आवळली, दुसरं काय! दुसरीला ग्रीस लावलं, हँडलवर हात ठेवला, आणि त्या दिवशी मला आवळायला कुणावर रागच सापडेना. कांडी गुणगुणत फिरत होती. आवाज बदलला की हात आपसूक सैल होत होता, जसा त्याचा व्हायचा. माझे हात अजून धड आहेत, त्याच्याइतके वापरले नाहीत म्हणून असेल. दांडा उतरला, आटे पाडले, मान बसवली. बसली! मी तो पेन हातात धरून सवयीने डावीकडे वळलो, वर्कशॉपमध्ये त्याचं मशीन असायचं तिकडे. तिथे पत्र्याची भिंत होती. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटत होतं की कुणीतरी यात खोड काढावी.

घरी येऊन सुमनला म्हटलं, "हा बबनने तुझ्यासाठी करून ठेवला होता." तिने कपाळाला लावला, शाई भरली, वही उघडली. पानभर लिहून झाल्यावर म्हणाली, "बघा. शेवटच्या पेनातसुद्धा कुठे हात हलला नाही त्यांचा. तुम्हाला नाही हं कधी असं जमलं." मी "हो" म्हटलं. आणि काय सांगू, त्या गेलेल्या माणसावर मी पुन्हा जळलो. माझ्याच पेनासाठी!

हे छापायला देण्याआधी हिरावहिनींना फोन करून सगळं सांगितलं, परवानगी मागितली. त्या हसल्या. "लिवा की. मला काय कळलं न्हवतं व्हय? पालीशला कुटं येवढा किस पडतोय? झाडला कुनी? मीच न्हवं का?" तो लाटालाटांचा, खाच पडलेला दांडा मी त्यांच्याकडून मागून घेतला. माझ्या कपाटात आहे, तिथून तो मी कुणाला दाखवणार नाही आणि देणार तर त्याहून नाही. बबनचे चांगले पेन गावोगावी आहेत, ज्याचे त्याला लखलाभ. जो त्याने माझ्याकडे आणायचा राहून गेला, तो एवढा एकच माझ्या वाट्याला आलाय. अधूनमधून काढतो, बोट फिरवतो, आणि त्याच्याशी मनातल्या मनात भांडतो, की अरे, हाताला कंप होता तर मला बोलवायचंस, मी शेजारी उभा राहिलो असतो...

सुमनला मात्र अजून काही ठाऊक नाही. पेपर आला की पुरवणी आधी ती घेते, चष्मा लावते आणि चहा निवला तरी खाली ठेवत नाही. आताही ती हे वाचत असेल आणि तो पेन तिच्या हाताशीच असेल. सुमन, तो बबनच्या हातचा नाही गं. माझ्या हातचा आहे. आता खरं सांग, कसा लिहितोय?